निकाहनाम्यातला कोरा रकाना

मुस्लिम मराठी साहित्यात तलाकवर पुष्कळ लिहिले गेले आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत काढला. तेव्हापासून कथा, कविता, आत्मकथन, परिसंवाद अशा सर्व ठिकाणी तलाक हा आपला जणू ठरलेला विषय झाला. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर लिहू लागलेल्या पिढीनेही हा विषय सोडला नाही, आणि तो सोडू नये हेही खरे. परंतु तलाक हा ज्या कराराचा शेवट आहे, तो करार ज्या कागदावर लिहिला जातो तो निकाहनामा आपल्या लेखनात जवळजवळ दिसतच नाही. निकाहाच्या दिवशी त्यावर सह्या होतात, खजूर वाटले जातात आणि कागद कपाटात जातो. पुन्हा बाहेर निघतो तो भांडण झाल्यावर. आपण कथा-कवितेची समीक्षा करतो, मग आपल्या प्रत्येक घरात असलेल्या या संहितेची का करू नये?

संहिता म्हणून पाहिले तर जमातीच्या दफ्तरातला निकाहनामा फार आटोपशीर असतो. वर-वधूची नावे, वडिलांची नावे, वकील, दोन गवाह, काझी आणि मेहरची रक्कम. शर्तींसाठी कुठे एखादी ओळ ठेवलेली असते, कुठे तीही नसते. जिथे असते तिथे बहुधा आडवी रेघ मारलेली आढळते. मेहरचा आकडा खानदानात चालत आलेला किंवा शुभ म्हणून धरलेला. त्या रकमेत आज एक बरा पंखाही येणार नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते आणि दोन्ही बाजू गप्प असतात.

या कागदावरच्या एका शब्दाकडे तर आपल्या भाषेच्या अभ्यासकांनी लक्ष द्यायलाच हवे. मेहर दोन प्रकारचा असतो. एक मागताक्षणी द्यायचा, दुसरा पुढे, म्हणजे तलाक किंवा मृत्यूच्या वेळी द्यायचा. अरबीत या दोहोंसाठी दोन वेगळे शब्द आहेत. एकात ‘ऐन’ आहे, दुसऱ्यात ‘हमजा’. लिपीत फरक स्पष्ट दिसतो. देवनागरीत मात्र दोन्ही शब्द ‘मुअज्जल’ असेच लिहिले जातात, आणि आपल्या तोंडी त्यांचा उच्चारही एकच होतो. म्हणजे ज्या एका शब्दावर बाईचा पैसा आज मिळणार की वीस वर्षांनी, हे ठरते, तो शब्द मराठी वाचणाऱ्या मुलीला निकाहनाम्यात वाचून कळूच शकत नाही. ‘मागताच देय’ आणि ‘पुढे देय’ असे साधे मराठी शब्द छापायला कोणती अडचण आहे? शरीयतची तर नक्कीच नाही.

उलट परंपरा पाहिली तर ती लिहून ठेवण्याच्याच बाजूने आहे. कुरआनमधील सर्वांत लांब आयत नमाज-रोजाविषयी नाही. देणे-घेणे लिहून ठेवावे, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे ती सांगते. फिकहने मेहर हे नवऱ्याच्या डोक्यावरचे कर्जच मानले आहे. म्हणजे हाही हुकूम मेहरला लागू धरायला हरकत नसावी.

इतिहासही हेच सांगतो. सुरत बंदरातील सतराव्या शतकातले फारसी निकाहनामे अभ्यासकांनी प्रकाशात आणले आहेत. त्यांत मेहरबरोबर चार शर्ती येतात. पहिली बायको असताना दुसरा निकाह करणार नाही, मारहाण करणार नाही, खर्चाची सोय न करता ठरावीक मुदतीपेक्षा जास्त काळ दूर राहणार नाही, आणि दासी ठेवणार नाही. शर्त मोडल्यास बायकोला वेगळे होण्याची वाट मोकळी. यातली तिसरी शर्त आपण कोकणी मुसलमानांनी थांबून वाचावी अशी आहे. नवरा जहाजावर जाणार, महिनोन् महिने परतणार नाही, हे त्या बंदरातल्या लोकांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी ते निकाहाच्या कागदावरच आणले. आपल्याकडे नवरा दुबईला किंवा कुवेतला जातो. कागद मात्र सुरतकरांपेक्षा मागे गेला आहे.

इंग्रजी अमदानीतील न्यायनिवाड्यांतही अशा करारांना मान मिळालेला दिसतो. १८७७ साली एका नवाबी घराण्यात लग्नाआधी मुलाच्या वडिलांनी मुलीच्या वडिलांशी करार केला, की सुनेला ‘खर्च-ए-पानदान’ म्हणून दरमहा पाचशे रुपये कायम मिळतील. पुढे १८९६ मध्ये नवरा-बायकोत बिनसले आणि ती घर सोडून गेली. सासऱ्यांचे म्हणणे, करारावर तिची सही नाही, तिला मागायचा हक्क नाही. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९१० साली न्यायमूर्ती अमीर अली यांनी निकाल दिला, की करार तिच्यासाठीच होता, म्हणून तिला तो बजावता येईल. पानदानाचा खर्च हा ऐकायला हलका शब्द. पण त्याचा अर्थ बाईच्या हातचा, तिच्या मर्जीचा पैसा असा होता, आणि तो लिहिलेला होता म्हणून टिकला.

करारालाही मर्यादा आहेत, हे सांगितले पाहिजे. उद्या वेगळे झालो तर इतके देईन, अशा आगाऊ फारकतीच्या कराराला मुंबई उच्च न्यायालयाने १९१२ मध्ये मान्यता नाकारली होती. बायको कधी पोटगी मागणार नाही, असे लिहून घेतले तरी कायद्याने मिळणारी पोटगी त्यामुळे बुडत नाही. मुस्लिम घटस्फोटित स्त्रीलाही फौजदारी कायद्याच्या सर्वसाधारण कलमाखाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. या मर्यादा सोडल्या तर लग्नाआधी वा नंतर पैशासंबंधी रास्त शर्ती घालण्याची मुभा आपल्या विवाहकायद्यात आधीपासून आहे. माथेरानला जन्मलेले कायदेपंडित आसफ फैजी यांनी आपल्या १९४९ च्या ग्रंथात विवाहकरारांची चर्चा केली आहे. हिंदू विवाह संस्कार मानला गेल्याने तेथे असे करार न्यायालयात सहसा टिकत नाहीत. शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे सर्वधर्मीयांना लग्नाआधी नोटरीपुढे मालमत्तेचा करार करता येतो. मात्र लग्नानंतर तो बदलता येत नाही. म्हणजे शहरातली सुशिक्षित मंडळी आज ज्या लग्नपूर्व कराराची नवलाईने चर्चा करतात, तो आपल्या हातात शतकानुशतके आहे. आपण त्याचा रकाना कोरा ठेवला, एवढेच.

मग आपल्या साहित्यात हा रकाना कोणी भरला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मेहरुन्निसा दलवाई यांचे १९९५ चे आत्मकथन ‘मी भरून पावले आहे’ पुन्हा वाचावे लागते. या पुस्तकाची चर्चा नेहमी हमीदभाईंच्या चळवळीच्या अंगाने झाली. ते संसाराच्या हिशेबाचे पुस्तक म्हणून वाचले गेले नाही. बाई नोकरी करतात, घर चालवतात, आणि नवरा चळवळीला वाहून घेतो. बोलीच्या अंगाने जाणारी, तक्रारीचा सूर न लावणारी त्यांची शैली या ओझ्याला थोरवीचा मुलामा देत नाही, हे तिचे बळ आहे. आणि त्यात एक तपशील फार मोलाचा आहे. १९५६ साली त्यांचा रीतसर निकाह झाला आणि महिन्याभराने त्यांनी विशेष विवाह कायद्याखालीही लग्न केले. समीक्षकांनी याकडे पुरोगामीपणाची खूण म्हणून पाहिले. माझ्या मते तो निकाहानंतर नवरा-बायकोने समजून केलेला आर्थिक करारही होता. या कायद्याखाली गेल्यावर वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालतो. मुले असलेल्या विधवेला आठव्याऐवजी तिसरा हिस्सा मिळतो आणि मुलीला मुलाइतका. केरळमधले वकील सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी यांनी ८ मार्च २०२३ रोजी, तीन मुलींच्या वारशासाठी, याच कायद्याखाली पुन्हा लग्न केले तेव्हा देशभर गाजावाजा झाला. दलवाई दांपत्य सदुसष्ट वर्षे आधी त्या वाटेने गेले होते, हे मराठी वाचकांनाही आठवले नाही.

हा मार्ग सर्वांना पटेल असे नाही, आणि शरीयतच्या वारसाहक्कावर श्रद्धा असणाऱ्यांनी तो धरावा असा माझा आग्रहही नाही. पण निकाहनाम्याचा मार्ग तर सर्वांचाच आहे. त्याची गरज किती, हे हा लेख जेथून लिहीत आहे त्या नाते गावाभोवतीच्या महाड-पोलादपूर पट्ट्यात उघड दिसते. माणूस आखातात राबतो, पैसा पाठवतो, बायकोचे दागिने मोडून स्लॅब पडतो, आणि घर उभे राहते ते बापाच्या नावावरच्या जागेत. बाप हयात असताना मुलगा वारला तर सुनेला त्या जागेत वारसा नाही. चुलते जिवंत असतील तर नातवंडांनाही नाही. तिच्या हाती उरतो तो मेहर. तो नवऱ्याच्या मिळकतीतून वारसांच्या वाटणीआधी फेडायचा असतो, इतका त्याचा मान मोठा. पण कागदावर सातशे शहाऐंशी रुपये लिहिले असतील तर त्या मानाचे करायचे काय?

याच नात्यात १८९६ साली चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई स्वतः बालविवाहातून बाहेर पडलेल्या. चीनच्या भेटीत पाहिलेल्या कौटुंबिक न्यायालयांचा त्यांनी इथे पाठपुरावा केला आणि त्यांच्या पश्चात १९८४ मध्ये तसा कायदा झाला. नात्याच्या या सुनेने घरचे भांडण सोडवायला वेगळे न्यायालय मागितले. त्या न्यायालयात आपली बाई जाते तेव्हा तिच्या हातात लिहिलेला कागद हवा, ही जबाबदारी आपली.

नमुना निकाहनामे आपल्याकडे निघालेच नाहीत असे नाही. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २००५ मध्ये भोपाळला एक नमुना मंजूर केला. त्यात उपदेश बराच, पण बाईला तलाकचा सोपवलेला अधिकार, म्हणजे तफवीज, नाही. २०१७ च्या तीन तलाक खटल्यात निकाहनाम्यात शर्त घालण्याचा सल्ला काझींना देऊ, असे बोर्डानेच न्यायालयात सांगितले. म्हणजे शर्त घालता येते हे बोर्डालाही मान्य आहे. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने आपल्या मसुद्यात मेहर नवऱ्याच्या वर्षाच्या उत्पन्नाइतका तरी असावा असे म्हटले. हा मसुदा अधिक रोखठोक आहे. पण दोन्ही मसुद्यांपुढे अडचण तीच. ते जमातीच्या दफ्तरापर्यंत आणि मुलीच्या वडिलांच्या जिभेपर्यंत पोचत नाहीत.

कारण आपल्याला वाटते, शुभकार्यात पैशाचे बोलणे म्हणजे अविश्वास. पण मानपान, दागिने, जेवणावळ, फर्निचर यांचे बोलणे तर तासन् तास चालते. बोलायचे नसते ते फक्त मुलीच्या हक्काच्या पैशाचे. मला यात शालीनता दिसत नाही, सोय दिसते, आणि ती कोणाची हे सांगायला नको.

मोठ्या मसुद्याची वाट न पाहता चार ओळी तरी लिहिता येतील. मेहर रुपयांत न लिहिता सोन्याच्या ग्रॅममध्ये लिहावा आणि तो केव्हा देय ते मराठीत लिहावे. दोन्हीकडचे दागिने कोणाचे, त्याची यादी जोडावी. नवरा परगावी असेल तर दरमहा किती आणि कोणाच्या खात्यात, ते ठरवावे. घरात तिचा पैसा पडला तर त्याची नोंद ठेवावी. ज्यांचा निकाह होऊन गेला आहे, त्यांनाही उशीर झालेला नाही. नवऱ्याला मेहर नंतर वाढवता येतो, स्वतःच्या नावावरचे घर हिबा करता येते. मात्र ताबा खरोखर द्यावा लागतो.

आणि आपण लिहिणाऱ्यांनी? तलाकची कथा तीन शब्दांपासून सुरू करण्याची सवय आपण थोडी बाजूला ठेवावी. ती कथा वीस वर्षे आधी, सहीच्या दिवशी, शर्तींच्या ओळीवर काझीसाहेबांनी रेघ मारली आणि मुलीच्या बापाने मान डोलावली, तेथे सुरू होते.