जुन्या एफपीजीए बोर्डांचे मार्गदर्शक पाठ : अद्ययावतता आणि सुसंगती

प्रस्तावना :

कोल्हापूरच्या राजारामपुरीजवळ एकीकडे शिवाजी उद्यमनगर आहे, तर दुसरीकडे थोड्या अंतरावर १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ आहे. उद्यमनगरातील एखादे जुने लेथ यंत्र त्याची माहितीपुस्तिका हरवली एवढ्याच कारणाने भंगारात जात नाही. ते चालविण्याची रीत कारागिरांच्या हाती टिकलेली असते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील एफपीजीए बोर्डाचे भाग्य मात्र एवढे बलवत्तर नसते. बोर्डावरील चिप सुस्थितीत असते, दिवे लागतात, बटणे चालतात; परंतु तो वापरायला शिकविणारा पाठ आजच्या संगणकावर लागू पडत नाही आणि बोर्ड डेड स्टॉक रजिस्टरमधील एक नोंद होऊन कपाटात पडून राहतो. अशा बोर्डांसाठी उपलब्ध असलेल्या मार्गदर्शक पाठांचे, म्हणजेच ट्युटोरियल्सचे, चिकित्सक परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समस्येचे स्वरूप :

एफपीजीए म्हणजे कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरही जिच्या अंतर्गत तर्करचनेची जुळणी वापरकर्त्याला करता येते अशी चिप होय. झायलिंक्स या अमेरिकन कंपनीने १९८५ मध्ये एक्ससी २०६४ ही अशी पहिली व्यावसायिक चिप बाजारात आणली. या चिपचे एक वैशिष्ट्य येथे निर्णायक ठरते. विद्यार्थ्याने लिहिलेले वर्णन चिपमध्ये उतरविण्याचे काम मुख्यतः निर्मात्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर अवलंबून असते. साहजिकच सॉफ्टवेअरचा आधार सुटला की बोर्ड निरुपयोगी भासू लागतो.

स्पार्टन-३ई स्टार्टर किट हा बोर्ड याचे उत्तम उदाहरण आहे. त्याची कंपनीने काढलेली मार्गदर्शिका २००६ मधील आहे. त्यावरील चिपमध्ये ५ लाख सिस्टिम गेट्सची क्षमता आहे. ५० मेगाहर्ट्झचे घड्याळ, ८ दिवे, ४ सरकते स्विच आणि दोन ओळींचा अक्षरफलक अशी सामग्री बोर्डावर आहे. पदवी स्तरावरील गणित्रे, अवस्थायंत्रे, क्रमिक संदेशवहन एवढेच नव्हे, तर छोटा प्रक्रियकही त्यावर आजही शिकविता येतो. परंतु त्यासाठी लागणाऱ्या आयएसई या सॉफ्टवेअरची १४.७ ही शेवटची आवृत्ती ऑक्टोबर २०१३ मध्ये निघाली. कंपनीने २०१२ मध्ये आणलेले विवाडो हे सॉफ्टवेअर सातव्या मालिकेपासूनच्या चिप्सनाच आधार देते. स्पार्टन-३ई किंवा स्पार्टन-६ त्यात चालत नाहीत.

आल्टेराच्या बाबतीतही हेच घडले. सायक्लोन-२ चिप असलेला डीई२ हा बोर्ड अनेक शिक्षणसंस्थांत वापरला गेला. त्या चिपला आधार देणारी क्वार्टसची शेवटची आवृत्ती १३.० सर्व्हिस पॅक १ ही होय. पुढे २०१५ मध्ये इंटेलने आल्टेरा विकत घेतली आणि २०२२ मध्ये एएमडीने झायलिंक्स. कंपन्यांची नावे बदलली, संकेतस्थळे बदलली आणि जुन्या पाठांत दिलेले अनेक पत्ते निरर्थक झाले.

‘अद्ययावत’ या शब्दाची फसवणूक :

अशा परिस्थितीत अध्यापक आणि विद्यार्थी स्वाभाविकपणे ‘अद्ययावत पाठ’ शोधू लागतात. येथेच मूळ घोटाळा आहे. आज लिहिलेला पाठ बहुधा आजच्या बोर्डासाठी असतो. तो बिनचूक असूनही जुन्या बोर्डाला गैरलागू ठरतो. याउलट २००६ मधील पाठ बोर्डाच्या दृष्टीने तंतोतंत बरोबर असतो, पण त्यात गृहीत धरलेली संगणकप्रणाली आज प्रयोगशाळेत नसते. जुन्या बोर्डाच्या पाठात चिप, सॉफ्टवेअर आणि संगणकप्रणाली अशा तीन गोष्टींचा काळ एकत्र आलेला असतो आणि या तिन्हींचे वय सारखे नसते. म्हणून अशा पाठाची खरी कसोटी नवेपणा ही नसून सुसंगती ही आहे.

सुसंगतीकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. आयएसई १४.७ ची विंडोज १० साठी म्हणून दिलेली आवृत्ती पाहून स्पार्टन-३ई बोर्ड बाळगणाऱ्यास हायसे वाटते. प्रत्यक्षात ती आभासी यंत्राच्या स्वरूपातील असून केवळ स्पार्टन-६ मालिकेसाठी आहे. मोठी फाइल उतरवून, स्थापना करून झाल्यावर यादीत आपली चिपच नाही, हे विद्यार्थ्याच्या ध्यानात येते. त्याला हवी असते ती जुनी, सर्वसाधारण १४.७ आवृत्ती. ती विंडोज १० वर चालविताना फाइल निवडण्याची चौकट उघडताच प्रोग्रॅम बंद पडतो. त्यावर लिबपोर्टेबिलिटी नावाच्या फाइलची अदलाबदल करण्याचा उपाय वापरणाऱ्यांत रूढ आहे. अथवा विंडोज ७ किंवा लिनक्सची जुनी आवृत्ती आभासी यंत्रात बसवून काम भागते. हा उपाय २००६ च्या पाठात असणे शक्यच नव्हते, आणि आजच्या पाठांना त्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण नामसाधर्म्याचे आहे. डीई२ आणि डीई२-११५ ही नावे जवळची असली, तरी पहिल्यावर सायक्लोन-२ आणि दुसऱ्यावर सायक्लोन-४ ही चिप आहे. ५० मेगाहर्ट्झच्या घड्याळाचा पिन पहिल्यावर एन२, तर दुसऱ्यावर वाय२ असा आहे. एकाचा पाठ दुसऱ्यावर राबविणारा विद्यार्थी आपल्या तर्करचनेत चूक शोधत बसतो. चूक असते ती पाठाच्या निवडीत.

पाठांचे तीन प्रकार :

उपलब्ध साहित्याचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार कंपनीच्या मार्गदर्शिकांचा. स्पार्टन-३ई ची मार्गदर्शिका बोर्डावरील प्रत्येक घटकाची जोडणी, पिन क्रमांक व विद्युत वैशिष्ट्ये देते. घड्याळ सी९ या पिनवर आहे, ही माहिती २००६ मध्ये जितकी खरी होती तितकीच आजही आहे. मात्र ती संदर्भग्रंथासारखी आहे. नवख्या विद्यार्थ्याला पहिले पाऊल कोठे टाकावे, हे ती सांगत नाही.

दुसरा प्रकार पाठ्यपुस्तकांचा. पाँग चू यांचे स्पार्टन-३ वर आधारलेले व्हीएचडीएलचे पुस्तक २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सॉफ्टवेअर चालविण्याची कृती मर्यादित भागात ठेवून उर्वरित पुस्तक रचनेच्या विचाराला दिले आहे. त्यामुळे तो थोडा भाग कालबाह्य झाला तरी पुस्तक कालबाह्य होत नाही. याच पुस्तकाची २०१७ ची दुसरी आवृत्ती नव्या मालिकेच्या बोर्डाकडे वळली. म्हणून जुना बोर्ड बाळगणाऱ्या विभागाने नवी आवृत्ती आली म्हणून पहिली काढून टाकणे हिताचे नाही. ग्रंथालयात एरवी योग्य असलेला हा नियम येथे उलटा लागू होतो.

याच प्रकारात कोल्हापूरचे एक उदाहरण लक्षणीय आहे. शिवाजी विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाशी संबंधित रजनीश कामत, संतोष शिंदे आणि विनोद शेळके यांचे एफपीजीए आणि हँडल-सी या विषयावरील इंग्रजी पुस्तक २००९ मध्ये स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने काढले. ऑक्सफर्ड विद्यापीठात उगम पावलेली हँडल-सी ही सी भाषेच्या वळणाची भाषा सेलॉक्सिका या कंपनीने बाजारात आणली होती. हा व्यवसाय २००८ मध्ये अन्य कंपनीकडे आणि २००९ च्या आरंभी मेंटर ग्राफिक्सकडे गेला. पुस्तक प्रसिद्ध होत असतानाच त्याच्या पायाखालील साधनाचे स्वामित्व बदलत होते. हा लेखकांचा दोष नव्हे. या क्षेत्रात लिहिणाऱ्या प्रत्येकापुढील ही जोखीम आहे. तथापि हँडल-सीमधील प्रत्येक नेमणूक घड्याळाच्या एका आवर्तनात पूर्ण होते आणि समांतर कृती भाषेतच व्यक्त करता येते, हे तत्त्व आजही सी जाणणाऱ्या विद्यार्थ्याला हार्डवेअरचा विचार समजावून देण्यास समर्थ आहे. साधन मावळले तरी शिकवण उरते, ती अशी.

तिसरा प्रकार पडद्यावरील चित्रांच्या आधारे ‘येथे क्लिक करा’ असे सांगणाऱ्या पाठांचा. महाविद्यालयांतील बहुतांश प्रात्यक्षिक वह्यांचे वळणही हेच असते. नवख्याला हा प्रकार सर्वांत सोयीचा वाटतो आणि तोच सर्वांत लवकर मरतो. क्वार्टसच्या १०.० या आवृत्तीतून अंगभूत सिम्युलेटर काढून टाकण्यात आला, तेव्हा त्यावर बेतलेले पाठ एका फटक्यात अपुरे झाले. विवाडोमध्ये पिन-जोडणीची फाइल यूसीएफऐवजी एक्सडीसी या वेगळ्या स्वरूपात लिहावी लागते. पिन का जोडायचा हे ज्याला समजले आहे, तो नवी लेखनपद्धती अल्पावधीत शिकतो. ज्याने केवळ क्लिक पाठ केले, त्याला सर्व काही मुळापासून शिकावे लागते.

मूल्यमापनाचे निकष :

वरील विवेचनावरून जुन्या बोर्डाच्या पाठासाठी तीन निकष सुचविता येतात. पाठात चिपचा पूर्ण क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि तपासणीचे वर्ष नमूद असावे. टिकाऊ भाग, म्हणजे तर्करचना, भाषा व घड्याळाचा विचार, हा नाशवंत भागापासून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कृतीपासून, वेगळा काढलेला असावा. आणि प्रत्येक टप्प्यावर काय दिसले म्हणजे काम बरोबर झाले व न दिसल्यास कोठे पाहावे, हे सांगितलेले असावे. तिसऱ्या निकषाला बहुसंख्य पाठ उतरत नाहीत, कारण ते सर्व काही सुरळीत झाल्याचे गृहीत धरूनच लिहिलेले असतात.

निष्कर्ष :

जुन्या बोर्डांसाठी कंपन्या नवे पाठ लिहितील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. त्यांचे हित नवा बोर्ड विकला जाण्यात आहे. जुना बोर्ड सांभाळणाऱ्या विभागालाच हे काम अंगावर घ्यावे लागेल. त्यासाठी संपूर्ण ग्रंथ लिहिण्याची आवश्यकता नाही. कंपनीची मार्गदर्शिका आणि जुने चांगले पाठ्यपुस्तक यांना आजच्या संगणकाशी जोडणारी चार-पाच पानांची मराठी टिपणी पुरेशी आहे : कोणती आवृत्ती घ्यावी, कोणती घेऊ नये, ती कशी बसवावी, केबलचा ड्रायव्हर कसा लावावा आणि एक दिवा लुकलुकविण्याचा तपासलेला प्रयोग. सॉफ्टवेअरची स्थापना-फाइल विभागाने स्वतःकडे जतन करावी आणि टिपणी दर वर्षी पहिल्या प्रात्यक्षिकापूर्वी एकदा पडताळून तारीख घालावी.

निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी बोर्ड निकामी झाला आहे की केवळ त्याचा पाठ, एवढा प्रश्न विभागाने स्वतःला विचारला पाहिजे. ज्या महाविद्यालयांना दर काही वर्षांनी नवी सामग्री घेणे परवडत नाही, तेथील विद्यार्थ्याला प्रत्यक्ष हार्डवेअर हाताळायला मिळणार की नाही, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.