पावाचे वेष्टन आणि सिस्टर कोरिटा

अमेरिकेत 'वंडर ब्रेड' या नावाचा एक पाव फार वर्षांपासून विकला जातो. पांढऱ्या वेष्टनावर लाल, पिवळे आणि निळे गोल ठिपके, ही त्याची ओळख. घरोघरी न्याहारीला हा पाव येई, वेष्टन फाडले जाई आणि केराच्या डब्यात जाई. १९६२ साली लॉस एंजेलिसमधील एका धर्मभगिनीने हे ठिपके उचलले, त्यांचा कारखानदारी नेटकेपणा मोडून त्यांना थोडे वेडेवाकडे केले आणि कागदावर छापले. चित्राला नाव दिले तेही पावाचेच. 'वंडर' म्हणजे नवल, विस्मय. जाहिरातदाराने पाव खपावा म्हणून उसना घेतलेला हा शब्द सिस्टरांनी, जणू आपलाच असल्यासारखा, परत मागून घेतला. ज्या श्रद्धेत भाकर हीच प्रभूच्या उपस्थितीची खूण आहे, त्या श्रद्धेतील वाचकाला या चित्राचा रोख सांगावा लागू नये.

या भगिनी म्हणजे सिस्टर मेरी कोरिटा. आमच्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयात त्यांच्याविषयी फारसे लिहिलेले आमच्या पाहण्यात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. त्यांचा जन्म १९१८ सालचा, आयोवा राज्यातला. मूळ नाव फ्रान्सिस एलिझाबेथ केंट. वयाच्या अठराव्या वर्षी, १९३६ साली, त्या 'मरियेचे निष्कलंक हृदय' या संघात दाखल झाल्या आणि पुढे संघाच्याच महाविद्यालयात चित्रकला शिकवू लागल्या. १९५० नंतर लवकरच त्या रेशमी जाळीच्या छपाईकडे वळल्या. हे तंत्र त्यांना मेक्सिकन चित्रकार आल्फ्रेदो रामोस मार्तीनेझ यांच्या पत्नीने शिकवले. तंत्र आपल्या ओळखीचे आहे. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, जिथे रंग नको तिथे झाकलेली, आणि रबरी पट्टीने ओढलेला रंग. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि सणाचे बनियन याच रीतीने छापले जात आले आहेत. कलेच्या दरबारात या छपाईला मान कमी होता, पण सिस्टरांना ती नेमकी याच कारणासाठी सोयीची वाटली असावी. एका चित्राच्या अनेक प्रती निघतात, किंमत आटोक्यात राहते आणि चित्र सामान्य माणसाच्या भिंतीपर्यंत पोहोचते.

त्यांच्या आरंभीच्या चित्रांत बायझंटाईन वळणाचे संत आणि राजवस्त्रातला ख्रिस्त दिसतो. रंग दाट, रंगांवर रंगांचे थर. त्यांतल्या एका चित्राला पारितोषिकही मिळाले. ही चित्रे वाईट नाहीत. पण त्यांच्यापुढे उभे राहिले तर आपण चर्चच्या काचचित्रांपुढे उभे आहोत असे वाटते, आणि काचचित्रे चर्चमध्ये आधीपासूनच आहेत. खरे वळण १९६२च्या सुमारास आले. त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या फेरस कलादालनात अँडी वॉरहॉल यांनी सूपच्या डब्यांची बत्तीस चित्रे मांडली होती. त्याच वर्षी रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली आणि उपासनेची भाषा लोकांची असावी हा विचार चर्चच्या व्यासपीठावरून बोलला जाऊ लागला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. कोरिटांच्या कामात मात्र त्या एकत्र आल्या.

सिस्टर विद्यार्थिनींना घेऊन महाविद्यालयाच्या आसपास फिरत. सुपरमार्केट, पेट्रोलपंप, रस्त्यावरचे फलक हेच त्यांचे संग्रहालय. प्रत्येकीच्या हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि त्याच्या मधोमध कापलेली लहानशी खिडकी. या खिडकीतून पाहिले की दुकानाची पाटी पाटी राहत नाही. तिच्यातले एक अक्षर, अर्धे अक्षर, एक लाल कोपरा एवढेच उरते. कोरिटा त्या साधनाला 'फाइंडर', म्हणजे शोधक म्हणत. आम्हांला वाटते, त्यांच्या सगळ्या कलेची किल्ली या पुठ्ठ्यात आहे. वस्तूला सजवायचे नाही, तिच्याभोवतीचा गलबला कापून टाकायचा. नंतर त्या मासिकातली जाहिरात चुरगाळत, वाकवत, तिचे छायाचित्र घेत आणि त्यावरून अक्षरे कापत. म्हणूनच त्यांच्या चित्रांतली अक्षरे वाऱ्यावर फडफडणाऱ्या कापडासारखी वळलेली दिसतात.

वॉरहॉल यांच्याशी कोरिटांची तुलना नेहमी होते आणि ती टाळण्याचे कारण नाही. वॉरहॉल डबा जसाच्या तसा आपल्यापुढे ठेवतात आणि गप्प बसतात. त्या मौनात थट्टा आहे की आदर, हे ते कळू देत नाहीत. कोरिटा मात्र बोलतात, कधी कधी जरा जास्तच. जाहिरातीच्या मोठ्या अक्षरांच्या पोटात त्या आपल्या बारीक, वळणदार हस्ताक्षरात दुसराच मजकूर लिहितात. शुभवर्तमानातील वचन, कवितेच्या ओळी, एखाद्याचे पत्र, वर्तमानपत्रातील बातमी. दुरून पाहणाऱ्याला बाजार दिसतो. जवळ येईल त्याला प्रार्थना वाचायला मिळते. १९६४च्या 'फॉर एलेनॉर' या चित्रात तर जवळपास एकच अक्षर आहे, एका धान्यकंपनीच्या बोधचिन्हातला भला मोठा 'जी'. कंपनी म्हणे, हा 'जी' चांगुलपणाचा आहे. भाविकाला तो आणखी कोणाचा वाटेल हे सिस्टरांना पक्के ठाऊक होते.

त्यांच्या सर्व कामांत आम्ही १९६४चेच 'दॅट दे मे हॅव लाइफ' हे चित्र सर्वांत वर ठेवू. नाव योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातले. चित्रात पुन्हा त्याच पावाच्या वेष्टनाची आठवण, पुन्हा तेच ठिपके आणि 'सत्त्वयुक्त पाव' हे जाहिरातीचे शब्द. पण बारीक अक्षरांत दोन आवाज आहेत. एक केंटकीमधील खाणकामगाराच्या पत्नीचा, पोरांना काय खाऊ घालावे या विवंचनेत असलेल्या बाईचा. दुसरा गांधीजींचा. भुकेलेल्यांना देव दर्शन देणार तो भाकरीच्याच रूपाने, अशा आशयाचे त्यांचे प्रसिद्ध वचन येथे आले आहे. आता या दोन मजकुरांसह त्या वेष्टनाकडे पुन्हा पाहावे. 'सत्त्वयुक्त' हा शब्द टोचू लागतो. कोणासाठी सत्त्वयुक्त? खाणीतल्या त्या घरात हा पाव पोहोचतो का? रंग अजूनही आनंदी आहेत, ठिपके अजूनही खेळकर आहेत, आणि तरी चित्र गोड राहत नाही. येथे सामान्य वस्तूचे रूप पालटले आहे, पण तिचे काम पालटलेले नाही. पाव खाण्यासाठीच आहे आणि काहींना तो मिळत नाही, हे सत्य कलेने झाकलेले नाही. रोजच्या वस्तूंतून कलाकृती करणारे पुष्कळ असतात. सायकलीची बैठक आणि तिचे दांडे जोडून पिकासोने १९४२ साली बैलाचे शिर केले. ते पाहताना आपण चकित होतो, मात्र त्यानंतर सायकलीविषयी अधिक काही विचार करीत नाही. कोरिटांचे हे चित्र पाहिल्यावर पावाविषयी विचार केल्यावाचून राहवत नाही. तुलना थोडी अन्यायाची आहे, कारण पिकासोला तसे काही करायचे नव्हते. पण फरक ध्यानात यावा.

खरे वादळ उठले ते टोमॅटोवरून. १९६४ सालच्याच एका चित्राचे नाव 'सर्वांत रसाळ टोमॅटो' असे आहे. डबाबंद टोमॅटोची जाहिरात आणि त्यात सॅम्युएल आयझेनस्टाइन या प्राध्यापकांच्या पत्रातला मजकूर. सर्वांत रसाळ टोमॅटो म्हणजे मरियाच, असा त्याचा भाव. मराठी वाचकाला यात फार तर विचित्रपणा जाणवेल. अमेरिकन इंग्रजीत मात्र 'टोमॅटो' हा शब्द त्या काळी देखण्या बाईसाठी चावटपणे वापरला जाई. तेव्हा लॉस एंजेलिसचे आर्चबिशप कार्डिनल जेम्स फ्रान्सिस मॅकिंटायर आणि त्यांच्या मताच्या श्रद्धावंतांना संताप आला यात आश्चर्य नाही. त्यांची बाजू हसून सोडून देण्यासारखी नाही. पवित्र नावे बाजारी शब्दांशेजारी बसवली की बाजाराला पावित्र्य लाभेल असे नाही. नावेच स्वस्त होतील, ही भीती खोटी नव्हे. भक्ती ही काही अंशी अंतर राखूनच जगते.

तरीही आम्ही सिस्टरांच्या बाजूचे आहोत, आणि त्याचे कारण सांगतो. संत बर्नार्डपासून थेट आपल्या रोजरीतील मरियेच्या स्तवनापर्यंत तिला गुलाब म्हटले, मनोरा म्हटले, पहाटेचा तारा म्हटले. ही सारी रूपके कधीतरी कोणाच्या तरी बागेतली, कोणाच्या तरी गावच्या वेशीवरची होती. वापरून वापरून ती इतकी गुळगुळीत झाली की आता मनोरा म्हणताना मनोरा डोळ्यांपुढे येत नाही. शहरात वाढलेल्या मुलीला फळ कोठे भेटते? दुकानातल्या डब्यावर. मग तिने मरियेला तेथूनच साद घातली तर तिने परंपरा सोडली की चालवली? आपल्याकडे फादर स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्तचरित्र ओवीत बसवले तेव्हाही प्रश्न याच जातीचा होता. गोमंतकात जन्मलेले आणि पुण्यात दीर्घकाळ राहून १९६७ साली निवर्तलेले आंजेलो द फोन्सेका यांनी मरियेला साडी नेसवली, तेव्हा तर त्यांना आपल्याच माणसांचे बोल खावे लागले. आज ती चित्रे आपण कौतुकाने दाखवतो. साडी आणि टोमॅटो यांत फरक आहे हे मान्य; साडीला चावट अर्थ नाही. पण आक्षेपाचे मूळ एकच आहे. पवित्र व्यक्तीने आपल्या रोजच्या घरात येऊन बसावे, हे आपल्याला मनातून पटत नाही.

आता थोडे प्रतिकूलही लिहिले पाहिजे. कोरिटांची सगळीच चित्रे या तोलाची नाहीत. १९६५च्या 'पॉवर अप'मध्ये पेट्रोलच्या जाहिरातीचे दोन शब्द चार मोठ्या कागदांवर पसरले आहेत आणि त्यांत फादर डॅनियल बेरिगन यांच्या प्रवचनाचा मजकूर भरला आहे. शब्दांचा जोर डोळ्यांवर आदळतो, पण पेट्रोल आणि आत्मबळ यांचा संबंध श्लेषापलीकडे जात नाही. पावाचे जे झाले ते पेट्रोलचे होत नाही, कारण पेट्रोल वस्तू म्हणून तेथे नाहीच, आहे ती फक्त घोषणा. साठीच्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाम युद्ध आणि वर्णद्वेष यांवर त्यांनी केलेली चित्रे धाडसाची आहेत; काही मात्र चित्र कमी आणि निषेधपत्रक अधिक.

१९६८ साली कोरिटांनी व्रतस्थ जीवन सोडले आणि त्या बॉस्टनला राहावयास गेल्या. त्यांच्या संघाचाही कार्डिनलांशी नव्या सुधारणांवरून तीव्र वाद चालू होता. १९७० साली बहुसंख्य भगिनी व्रतांतून मुक्त होऊन एका स्वतंत्र समुदायात एकत्र आल्या. हा सारा इतिहास वेदनेचा आहे, आणि दोन ओळींत न्यायनिवाडा करण्याची आमची इच्छा नाही.

बॉस्टनमध्ये १९७१ साली एका गॅसकंपनीने त्यांच्याकडून आपल्या प्रचंड टाकीवर चित्र करून घेतले. लहानशा नमुन्यावर त्यांनी इंद्रधनुष्यी रंगांचे पट्टे ओढले आणि रंगाऱ्यांनी ते टाकीवर उतरवले. मूळ टाकी १९९२ साली पाडली गेली, तेव्हा शेजारच्या टाकीवर तेच चित्र पुन्हा रंगवण्यात आले. लोकांना ते प्रिय आहे. आम्हांला मात्र त्यात एक उलटी चाल दिसते. पूर्वी सिस्टर जाहिरात घेत आणि तिची प्रार्थना करीत; येथे कंपनीने त्यांचे रंग घेतले आणि त्यांतून स्वतःची प्रसन्न जाहिरात केली. १९८५ साली त्यांच्या इंद्रधनुष्याचे 'लव्ह' हे टपाल तिकीट निघाले आणि सत्तर कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्याचे अनावरण एका लोकप्रिय दूरदर्शन मालिकेतील प्रेमनौकेवर व्हावे, हे खुद्द कोरिटांनाच रुचले नाही. त्या समारंभाला गेल्याच नाहीत. पुढच्याच वर्षी, १९८६ साली, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

आपल्या धर्मग्रामांतील सणांच्या वेळी जे मोठमोठे छापील फलक लागतात, त्यांकडे पाहताना आम्हांला अनेकदा त्या पुठ्ठ्याच्या खिडकीची आठवण होते. कोठल्या तरी परदेशी चित्राची नक्कल, सोनेरी किरणे, त्याखाली देणगीदारांची छायाचित्रे. तेथेही बाजार आणि पावित्र्य शेजारी बसलेच आहेत, फक्त ते कोणी पाहिलेले नाहीत. वसईच्या बाजारातली केळीची पाने, सुकेळीच्या पुड्या, मासळीच्या टोपल्या, बेकरीतला पाव, यांच्याकडे आपल्या एखाद्या तरुण चित्रकाराने अशी खिडकी धरून पाहिले आहे काय? पाहिले असल्यास ते काम या पानांत यावे अशी आमची इच्छा आहे.

शेवटी, एक अडचणीची बाब. कोरिटांची चित्रे पुस्तकांत किंवा पडद्यावर लहान होऊन येतात तेव्हा मोठी अक्षरे तेवढी उरतात आणि हाताने लिहिलेला मजकूर मुंग्यांच्या रांगेसारखा दिसतो. म्हणजे जाहिरात वाचता येते आणि खाणकामगाराची बायको हरवते. ज्यांना शक्य असेल त्यांनी भिंग घेऊन बसावे. केंटकीतल्या त्या बाईचे बोलणे कोणी मराठीत आणले, तर चित्राशेजारी ते छापण्याजोगे ठरेल.