इंधन फुकट, पण पाणी कुणाचं? ‘ट्रॅव्हलर’मधला एक नियम आणि लातूरची रेल्वे

आज शोधनिबंध वाचायचा नाही, एक खेळ वाचायचा आहे. पेट परीक्षा, सिनॉप्सिस, आरआरसी या धावपळीत असलेल्यांनी वैतागू नका. एखादं मॉडेल कसं तपासायचं, त्याच्यावर टीका कशी करायची, हे मला संशोधन पद्धतीच्या कोर्सवर्कपेक्षा या खेळाच्या एका नियमानं जास्त नीट शिकवलं.

खेळाचं नाव ‘ट्रॅव्हलर’. मार्क मिलर यांनी रचलेला आणि गेम डिझायनर्स वर्कशॉप या अमेरिकन कंपनीनं १९७७ मध्ये काढलेला. याला संगणक लागत नाही, पटही लागत नाही. पुस्तक, कागद, पेन्सिल आणि दोन फासे एवढं पुरतं. एकजण रेफरी होतो, बाकीचे एखाद्या अंतराळयानावरची माणसं होतात. व्यापार करा, कर्ज फेडा, एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर जा. विष्णुपुरीला विद्यापीठाच्या हॉस्टेलवर आम्ही पाचजण रविवारी दुपारी खेळतो. मेस बंद असते, मग वेळच वेळ.

आता तो नियम. यानाचं इंधन म्हणजे हायड्रोजन. एका उडीत एक पार्सेक, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षांच्या आसपास, जायचं तर यानाच्या एकूण टनांच्या दहा टक्के इंधन जळतं. दोन पार्सेकला वीस टक्के. खेळातलं सगळ्यात ओळखीचं व्यापारी यान २०० टनांचं. त्याची टाकी ३० टनांची: २० उडीसाठी, १० वीजघरासाठी. टाकी भरायचे तीन मार्ग आहेत. चांगल्या तळावर शुद्ध इंधन ५०० क्रेडिट टन. साध्या तळावर अशुद्ध इंधन १०० क्रेडिट टन, पण ते वापरलं तर इंजिन बिघडायची किंवा उडी भलतीकडेच पडायची शक्यता वाढते. आणि तिसरा मार्ग फुकटचा: गुरूसारख्या वायुग्रहाच्या वातावरणात शिरून वायू ओढून घ्या, नाहीतर एखाद्या ग्रहाच्या समुद्रातून पाणी उपसा आणि त्यातला हायड्रोजन काढा.

आधी कौतुक करू. टीका म्हणजे चुका काढणं, असा आपल्याकडे समज आहे, तो सोडा. पहिला प्रश्न नेहमी असा विचारायचा: हे मॉडेल कशासाठी केलंय? हा नियम भौतिकशास्त्र शिकवण्यासाठी नाही, निर्णय घ्यायला लावण्यासाठी आहे. टाकी भरायला शुद्ध इंधनाचे १५,००० क्रेडिट द्यायचे, की ३,००० मध्ये भागवून धोका पत्करायचा, की फुकट घेऊन वेळ घालवायचा? पैसा, धोका आणि वेळ या तीन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहतात आणि खेळणारे खरोखर भांडतात. चार ओळींच्या नियमातून एवढं निघतं, हे मोठंच काम आहे.

दुसरा प्रश्न: आकडे आतून जुळतात का? इथे हिशेब करून बघा. खेळातला टन वजनाचा नाही, जागेचा आहे. एक टन द्रवरूप हायड्रोजनला लागणारी जागा, सुमारे १४ घनमीटर. द्रवरूप हायड्रोजनची घनता घनमीटरला ७१ किलोच्या आसपास. चौदानं गुणा, ९९४ किलो येतात. म्हणजे ज्यानं हा आकडा धरला त्यानं हिशेब करूनच धरला. तुलनेला आपल्या इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटचा क्रायोजेनिक टप्पा घ्या. त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून सुमारे २८ टन मावतं, आणि त्यात ऑक्सिजनचंच वजन जास्त. आपलं खेळातलं किरकोळ व्यापारी यान नुसता हायड्रोजनच ३० टन घेऊन फिरतं.

आता हेच ३० टन पाण्यातून काढू. पाण्याच्या वजनात हायड्रोजन नववा हिस्सा. म्हणजे ३० टनांना २७० टन पाणी, २ लाख ७० हजार लिटर. पाणी फोडायला, आजच्या तंत्रानं, किलोमागे ढोबळ ५० युनिट वीज. एकूण १५ लाख युनिट. समजा आठ तासांत काम उरकायचं, तर सुमारे १८८ मेगावॅट लागतील. यानात संलयनाचं वीजघर आहे, तेव्हा हे आपण चालवून घेऊ. उरलेल्या २४० टन ऑक्सिजनचं काय करायचं, हे नियम सांगत नाही. तेही चालवून घेऊ.

मला अडखळायला झालं ते २ लाख ७० हजार लिटरवर. हा आकडा मी दुसऱ्या एका ठिकाणी बघितलेला होता.

एप्रिल २०१६. मी बारावीच्या तयारीसाठी लातूरला खोली करून होतो. एका खोलीत चौघं, चौघांत दिवसाला दोन घागरी. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्येच जिल्हा प्रशासनानं पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावलं होतं, पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. मग मिरजेहून रेल्वे निघाली. अंतर ३४० किलोमीटरच्या आसपास. १२ एप्रिलला पहाटे पहिली गाडी लातूरला पोचली, दहा वाघिणी, प्रत्येकीत साधारण ५० हजार लिटर. एकूण ५ लाख. पुढे पन्नास वाघिण्यांची गाडी सुरू झाली, फेरीला २५ लाख लिटर.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. ती पहिली गाडी, जी बघायला लोक पहाटे स्टेशनवर गेले होते, ती आपल्या खेळातल्या दोन यानांच्याही टाक्या भरू शकली नसती. पन्नास वाघिण्यांची गाडी म्हणजे नऊ यानं. तेच २५ लाख लिटर २०११ च्या जनगणनेतल्या पावणेचार लाखांहून जास्त लातूरकरांत वाटले, तर माणशी साडेसहा लिटर. खेळात याच पाण्यापुढे किंमत लिहिलीय: शून्य.

इथून तिसरा प्रश्न येतो, आणि माझ्या मते टीकेचा गाभा तोच आहे: मॉडेलकडे कुठली माहिती आहे, पण ती वापरलेलीच नाही?

‘ट्रॅव्हलर’मध्ये प्रत्येक जगाची एक ओळीची कुंडली असते. तळाचा दर्जा, आकार, हवा, पाण्याचं प्रमाण, लोकसंख्या, सरकार, कायद्याची कडकी, तंत्रज्ञान. पाणी ० ते १०, म्हणजे पृष्ठभागाचे किती दहावे हिस्से पाण्याखाली आहेत ते. लोकसंख्येचा आकडा म्हणजे एकावर किती शून्यं. लातूर शहर तिथे ५ येईल. हवा विरळ आणि पाणी ३ किंवा कमी असेल, तर ते जग ‘गरीब’ म्हणून नोंदवायचं, आणि मालाचे भाव त्यावर हलतात. म्हणजे पाणी नसणं आणि गरिबी यांचा संबंध खेळाला पक्का ठाऊक आहे. पण यान येऊन त्याच जगातलं पाणी उपसतं, तेव्हा इंधनाचा नियम त्या कुंडलीकडे बघतसुद्धा नाही. पाण्याचा आकडा १ असो की १०, दर तोच: फुकट. कायद्याची कडकी मुख्यतः शस्त्रबंदीसाठी आणि पोलिसांनी हटकण्यासाठी. लातूरला त्या मार्चमध्ये कायद्याची कडकी पाण्याच्या टाकीपाशी उभी होती.

आणि न्यायानं बोलायचं तर हाच नियम वायुग्रहाच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या तीनशे पटीहून जास्त. तिथून ३० टन नेले काय, ३० कोटी टन नेले काय, फरक पडत नाही, आणि काठावर घागर घेऊन कुणी उभं नाही. ‘साठा अमर्याद’ हे गृहीतक तिथे खरं आहे. तेच गृहीतक उचलून समुद्राला, तळ्याला लावलं, तिथे ते मोडलं. संशोधनात हे सारखं होतं. गृहीतक चुकीचं नसतं, ते भलत्या गावात नेलेलं असतं.

लातूरच्या रेल्वेनं आणखी एक दाखवलं: पाणी कधीच नुसतं पाणी म्हणून येत नाही. वाघिण्या आधी राजस्थानात कोट्याला धुऊन घ्याव्या लागल्या. मिरज-लातूर मार्ग मुळात बार्शी लाईट रेल्वेचा, अरुंद मापाचा. तो ब्रॉडगेज झालेला होता म्हणून अशी गाडी येऊ शकली. खेळाच्या भाषेत, तळाचा दर्जा आधीच सुधारलेला होता. आलेलं पाणी उतरवायचं, शुद्ध करायचं, मग टँकर. आणि मे महिन्यात रेल्वेनं जिल्हा प्रशासनाला सुमारे ४ कोटींचं बिल पाठवल्याच्या बातम्या आल्या, ६ कोटी २० लाख लिटरचं. भागाकार करा, लिटरला ६५ पैसे पडतात. आणि दुसऱ्या टोकाला सांगली जिल्हा, ज्यात जत आणि आटपाडीसारखे दुष्काळी तालुके स्वतःच आहेत. पाणी देणाराही श्रीमंतच असतो असं नाही.

तुम्ही म्हणाल, अरे, खेळ आहे, मजेसाठी आहे. बरोबर आहे. म्हणून नुसतं बोलून थांबायचं नाही, सुधारणा लावून बघायची. आम्ही घरचा एक नियम केला: पाणी ३ किंवा कमी आणि लोकसंख्या ५ किंवा जास्त असेल, तर पाणी घ्यायला परवानगी हवी, आणि ती मिळते का ते कायद्याच्या आकड्यावर फासे टाकून ठरवायचं. नवीन आकडा एकही आणला नाही, होते तेच जोडले. निकाल संमिश्र. एक अख्खा रविवार परवानगीच्या घासाघिशीत गेला. एकजण कंटाळून झोपला. दुसरा म्हणाला, आजवरचा हा सगळ्यात भारी डाव. आणि खेळाडू वायुग्रहाकडे वळले, त्यामुळे जवळ वायुग्रह असलेल्या जगांचं मोल आपोआप वाढलं. म्हणजे आमची टीका पटण्यासारखी होती, पण तिची किंमत वेळात मोजावी लागली. हेही लिहायला हवं.

आता माझी कबुली. मी पाण्याच्या वाटपाचं गणिती मॉडेल करतोय. पहिल्या मसुद्यात प्रत्येक उगमापुढे मी एक स्थिर आकडा लिहिला होता: उपलब्ध पाणी, इतकं. गाईड मॅडमनी तो आकडा पेन्सिलनं गोल केला आणि शेजारी एवढंच लिहिलं, “इथे कोण राहतं?” दोन घागरींत दिवस काढलेला मी, आणि कागदावर पाणी फुकटच धरलं होतं. ते प्रकरण पुन्हा लिहायला चार महिने गेले.

तेव्हा एक काम सांगतो, आजच करा. आपली सिनॉप्सिस उघडा. जिथे जिथे ‘स्थिर मानले आहे’, ‘उपलब्ध आहे असे गृहीत धरले आहे’ असं लिहिलंय, त्या ओळी वेगळ्या काढा. प्रत्येकीपुढे दोन गोष्टी लिहा: हे गृहीतक मुळात कुठून आणलं, आणि ज्या ठिकाणी लावतोय तिथे ते कुणाच्या घागरीतून जातं. उत्तर ‘कुणाच्याच नाही’ असं आलं तर खुशाल ठेवा. वायुग्रह असतातच. पण नाव आलं, तर ते नाव व्हायव्हामध्ये समोरच्यानं विचारायच्या आधी प्रकरणात आलेलं बरं.