भुयारातील छायाकृती : नवकम्म आणि श्रमिक

सार्वजनिक बांधकाम पूर्ण झाल्यावर त्यावर चढविलेला साज ही एक गोष्ट. बांधकामाबरोबरच घडत जाणारी कला ही दुसरी. या दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणून स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेकडे पाहावे लागते. ही रेल्वे 1950 मध्ये सुरू झाली. वेरा निल्सन व सिरी देरकर्ट या चित्रकर्त्रींनी स्थानकांत कलेला स्थान मिळावे म्हणून आग्रह धरला. 1975 च्या निळ्या मार्गावर तर फोडलेला खडक न झाकता, त्यावर काँक्रीटचा पातळ थर फवारून, तोच चित्रफलक करण्यात आला. स्थापत्य कोठे संपते व चित्र कोठे सुरू होते, हे तेथे सांगता येत नाही.

या मार्गावरील टी-सेंत्रालेन स्थानकात पेर ओलोफ उल्टवेट यांनी पांढऱ्या छतावर निळ्या वेली चढविल्या आणि एका भागात स्थानक उभारणाऱ्या कामगारांच्या छायाकृती रेखाटल्या.

पालीच्या अभ्यासकास येथे चुल्लवग्गातील सेनासनक्खंधकाचे स्मरण होते. विहारात स्त्रीपुरुषांची रंजक चित्रे काढविण्यास तेथे निषेध आहे. मालाकम्म व लताकम्म, म्हणजे फुलांचे व वेलींचे काम, यांस अनुज्ञा आहे. हा नियम भिक्षुनिवासासाठी आहे, स्थानकासाठी नाही, हे आम्ही जाणतो. तथापि त्यामागील प्रश्न आजही लागू पडतो : भिंतीवरील चित्राने पाहणाऱ्याच्या चित्ताचे काय करावे? उल्टवेट यांचे लताकम्म घाईतील प्रवाशाच्या चित्तास शांतवते. मनुष्याकृती मात्र रंजनासाठी नाहीत. ज्यांच्या श्रमावर आपण उभे आहोत, त्यांची जाणीव त्या देतात. येथे ही कला केवळ शोभेच्या वर जाते.

परंतु आमचा एक आक्षेप आहे. छायाकृतीस चेहरा नसतो. चित्रकाराचे नाव जगास ठाऊक झाले. खडक फोडणारा मात्र आकारापुरताच उरला. सांचीच्या दक्षिण तोरणावरील लेखात विदिशेच्या दंतकारांनी हे रूपकर्म केल्याची नोंद आहे. व्यक्तींची नावे तेथेही नाहीत; पण व्यवसाय आहे, गाव आहे आणि घडविणाऱ्यांस कर्तेपण आहे. छायाकृतीतील कामगार चित्राचा विषय होतो, कर्ता होत नाही. हा भेद लहान नव्हे.

2013 च्या करारानुसार हाती घेतलेल्या स्टॉकहोमच्या विस्तारातही कलेचा विचार स्थानकांच्या रचनेबरोबरच झाला. ही रीत अनुकरणीय आहे. आपल्याकडेही भुयारी मार्ग खोदले गेले व खोदले जात आहेत. तेथे चित्रे व्हावीत, मोठी व्हावीत. मात्र काम चालू असतानाच, माणसे पांगण्यापूर्वी, खोदणाऱ्यांची नावे व गावे नोंदवून ती भिंतीवर कोरली जावीत. पालीत बांधकामास नवकम्म म्हणतात. ज्या हातांनी ते घडते त्यांची ओळख बुजवून केलेली सजावट, कितीही भव्य असली, तरी आमच्या मते अपुरीच होय.