आरोग्यसेविकेचे प्रशिक्षण आणि परिभाषेचा प्रश्न

ग्रामीण आरोग्यसेविकेच्या प्रशिक्षणाची चर्चा बहुधा दिवस, तासिका व पाठ यांच्या हिशेबात होते. शिकविलेला शब्द तिच्या हातून कृती घडवितो की परीक्षेतील उत्तरापाशीच थांबतो, हा मूळ प्रश्न मात्र बाजूला राहतो. गडचिरोली जिल्ह्यातील ‘सर्च’ या संस्थेचे कार्य या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

तान्ह्या मुलातील न्यूमोनियाची एक प्रमुख खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांखालील मुलात मिनिटाला ६० वा अधिक श्वास हे धोक्याचे लक्षण मानतात. परंतु जिला साठापर्यंत मोजता येत नाही, त्या सुईणीस ‘श्वसनगती’ ही संज्ञा पाठ करून काय लाभ? डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी मोजण्याची रीतच बदलली. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची रांग. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी सहावा मणी सरकला की धोका कळला. संज्ञेची व्याख्या येथे कृतीत उतरली.

पुढे ३९ गावांत प्रशिक्षित सेविकांमार्फत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्यात आली. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. हे श्रेय एकट्या प्रशिक्षणाचे नव्हे. घरभेटी, औषधोपचार व देखरेख यांचाही त्यात वाटा होता.

२०११ पासून नवजात बालकांच्या गृहभेटींचे काम देशभर ‘आशा’ सेविकांकडे आले. विस्ताराबरोबर परिभाषेचा प्रश्नही वाढला. आई सांगते, ‘पोट उडतंय’, ‘अंगावर पीत नाही’. नोंदवहीला मात्र ‘श्वसनास त्रास’, ‘स्तनपानास असमर्थ’ हे शब्द हवे असतात. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या घरात हे अंतर दुणावते. ते अंतर सेविकाच ओलांडते. म्हणजे ती प्रत्येक भेटीत भाषांतर करीत असते. या कौशल्यास प्रशिक्षणात स्वतंत्र स्थान असणे अगत्याचे आहे.

यावर ‘भाषा सोपी करा’ हा उपाय अपुरा होय. संज्ञा अजिबात वगळल्या तर सेविकेची चिठ्ठी रुग्णालयात दुर्बोध ठरेल. दोष संज्ञेत नसून क्रमात आहे. पाठाचा आरंभ आईच्या वाक्याने व्हावा, त्यातून पाहण्या-मोजण्याची कृती शिकवावी आणि संज्ञा शेवटी यावी. हा क्रम उलटला की सेविका शब्द जाणते, पण समोरच्या आईने दिलेली सूचना तिला ऐकू येत नाही. अशा वेळी चुकीची किंमत तान्ह्या जीवाला मोजावी लागते.