पाटीवरील मराठी आणि पेठेतील मराठी

दुकानांवरील पाट्यांच्या कायद्याचा भाषेच्या अंगाने व्हावा तितका विचार झालेला नाही. २०२२ च्या दुरुस्तीने दहांहून कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतील मराठी पाटी सक्तीची झाली; मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत, असेही ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांस दोन महिन्यांची मुदत दिली. सातारा-सांगलीच्या पेठांतून हिंडणाऱ्यास या कायद्याचे फळ दिसते, तशी त्याची मर्यादाही दिसते. ‘मेन्स वेअर’, ‘ट्रेडर्स’, ‘ॲण्ड सन्स’ ही नावे देवनागरीत आली, एवढेच. आक्षेप शब्दांच्या कुळाविषयी नाही. ‘दुकान’ हा शब्द तरी कोठला? आक्षेप असा, की उंबरठा ओलांडताच पावती, हमीपत्र, दरपत्रक सारे इंग्रजीत. नावाच्या अर्थाकडे कायद्याने एकाच ठिकाणी लक्ष पुरविले आहे : मद्य देणाऱ्या आस्थापनेस थोर व्यक्तीचे वा गडकोटाचे नाव असू नये. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांस ही तरतूद रुचेल. परंतु भाषेची अब्रू राखणे आणि भाषा व्यवहारात आणणे ही दोन निराळी कार्ये होत.

सांगलीच्या हळदीच्या पेठेकडे पाहिले म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. आडत, तोलाई, हमाली, सौदा, हळकुंड, गड्डा, कणी हे शब्द तेथे कोणी फर्मान काढून रुजविलेले नाहीत. मालाची प्रत आणि त्याचा भाव त्यांवाचून सांगताच येत नाही. मात्र धंद्याची रीत पालटली, की शब्दांचा आधार सुटतो. सांगलीनजीकच्या हरिपुरात हळद साठविण्यासाठी जमिनीत खोदलेली पेवे होती; २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ निकामी झाली. आज अनेकांस पेव ठाऊक आहे ते केवळ ‘पेव फुटणे’ या वाक्प्रचारातून. येथे पाटीच्या सक्तीचा काय उपयोग?

उद्योगाने आपण होऊन मराठीचा आश्रय केल्याचे ठळक उदाहरण याच भागातील आहे. १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. लोखंडी नांगर ज्यास विकावयाचा त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणे कारखान्यास भागच होते. कारखान्याचे हे पत्र पुढे महाराष्ट्रातील एक प्रमुख मासिक झाले, ते कोणत्याही अनुदानावाचून.

आयर्लंडचा दाखला येथे नेहमी दिला जातो. गेलिक लीगची स्थापना १८९३ ची. राज्यघटनेनेही आयरिश भाषेस पहिल्या राजभाषेचे स्थान दिले. तरी गेल्टाख्ट या आयरिशभाषक पट्ट्यांबाहेर तिचा नित्य वापर तुटपुंजाच राहिला. म्हणून गॉलवेसारख्या नगरात व्यापाऱ्याने खाद्यपदार्थांच्या यादीत आणि गिऱ्हाइकाच्या स्वागतात ती आणावी, असा प्रयत्न चालतो. मराठीची अवस्था तशी बिकट नाही. प्रयत्नाची दिशा मात्र घेण्याजोगी आहे.

जत तालुक्याच्या पूर्व भागात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. तेथे पुष्कळ घरांतून कन्नड बोलली जाते. मराठी पाटीखाली कन्नड अक्षरे लिहिण्यास कायद्याची हरकत नाही, आणि ती असूही नये. बाजार समितीने आपली सौदापट्टी तेथे दोन्ही भाषांत छापल्यास शेतकऱ्यास भाव, वजन आणि कपात ही तिन्ही स्वतः वाचून ताडता येतील.