हेंड्रिक हामेलचा कोरिया-वृत्तांत : परकीयाच्या दैनंदिन जीवनाचे चित्रण – एक चिकित्सक अभ्यास

गोषवारा

इ.स. १६५३ ते १६६६ या तेरा वर्षांत कोरियात अडकून पडलेल्या हेंड्रिक हामेल या डच हिशेबनिसाने लिहिलेला वृत्तांत हा त्या देशाविषयी युरोपात प्रसिद्ध झालेला पहिला सविस्तर ग्रंथ मानला जातो. युरोपीय वाचकांनी तो प्रामुख्याने एका अज्ञात देशाचे वर्णन म्हणून वाचला. प्रस्तुत लेखात या वृत्तांताचा विचार परकीयाच्या दैनंदिन जीवनाचा दस्तऐवज म्हणून केला आहे. ग्रंथाचे खरे मोल त्याच्या देशवर्णनात नसून शिधा, वस्त्र, सरपण व वेठ यांच्या रूक्ष नोंदींत आहे, आणि या नोंदींना मर्यादाही त्याच हिशेबी दृष्टीने घातल्या आहेत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रास्ताविक

परदेशवास्तव्यावरील लेखनाचे स्थूलमानाने दोन प्रकार संभवतात. पहिला प्रवाशाचा. तो स्वेच्छेने येतो, पाहतो, नोंदी करतो आणि परततो. दुसरा प्रकार रहिवाशाचा असून त्याला त्या भूमीत अन्न मिळवावे लागते, छप्पर शोधावे लागते, आजारपण काढावे लागते. कोरियाच्या बाबतीत पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे इसाबेला बर्ड बिशप या इंग्रज लेखिकेचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे लेखन. तिच्या ग्रंथात निसर्ग, वेशभूषा आणि राजकारण यांचे वेधक चित्रण आढळते. तथापि परतीचा मार्ग तिला सदैव मोकळा होता. हामेलचा वृत्तांत दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याला परतीचा मार्ग नव्हता. त्यामुळे पाहण्यापेक्षा जगणे हा त्याच्या लेखनाचा विषय बनला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

हामेलचा जन्म १६३० मध्ये नेदरलँड्समधील खोरिन्खेम या गावी झाला. तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत होता. वेंगुर्ल्याच्या डच वखारीमुळे मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना ही कंपनी परिचित आहे. 'स्पेरवेर' हे कंपनीचे जहाज तैवानहून जपानकडे जात असता ऑगस्ट १६५३ मध्ये वादळात सापडून जेजू बेटाच्या किनाऱ्यावर फुटले. जहाजावरील ६४ जणांपैकी ३६ वाचले. त्या वेळी कोरियात जोसन घराण्यातील राजा ह्योजोंग याची सत्ता होती. १६२७ व १६३६ अशा दोन मांचू आक्रमणांच्या आघातानंतर या राज्याने बाह्य संपर्कावर कठोर निर्बंध घातले होते. देशात आलेल्या परकीयाला पुन्हा बाहेर जाऊ द्यावयाचे नाही, हे धोरण त्यातूनच दृढ झाले. या धोरणामुळे जहाजफुटीचे रूपांतर आजन्म वास्तव्याच्या शक्यतेत झाले.

१६५४ मध्ये या लोकांना राजधानीत, म्हणजे आजच्या सोल शहरात, नेण्यात आले. १६५६ मध्ये त्यांची रवानगी दक्षिणेकडील जोल्ला प्रांतात झाली. १६६३ मध्ये दुष्काळामुळे उरलेल्या २२ जणांना योसू, सुनचोन व नामवोन या तीन ठिकाणी विभागण्यात आले. सप्टेंबर १६६६ मध्ये हामेलसह आठ जण नौकेने निसटून जपानला पोहोचले. त्या वेळी १६ जण हयात होते.

लेखनहेतू आणि रचना

हा वृत्तांत रोजनिशी नाही. नागासाकी येथील देशिमा बेटावर थांबावे लागले असता, म्हणजे सुटकेनंतर, तो सिद्ध झाला असे अभ्यासक मानतात. जहाज नष्ट झाल्यावर खलाशांचे वेतन थांबते, असा कंपनीचा प्रघात होता. तेरा वर्षांच्या थकीत वेतनाची मागणी करावयाची तर त्या वर्षांचा हिशेब देणे भाग होते. लेखक पेशाने हिशेबनीस, वाचक कंपनीचे अधिकारी आणि विषय गेलेला काळ, या तिहेरी बंधनातून ग्रंथाची रचना आकाराला आली.

या रचनेत काळाची असमान वाटणी प्रकर्षाने जाणवते. जहाजफुटी, जेजूवरील पहिले महिने आणि अखेरचे पलायन यांना तपशीलवार जागा मिळते. मधली वर्षे मात्र काही ओळींत आटोपतात. एक अधिकारी गेला, दुसरा आला, त्याने अमुक सवलत दिली किंवा काढून घेतली, एवढेच त्या वर्षांचे सार ठरते. वरवर पाहता हा लेखनातील दोष वाटेल. परंतु परकीयाच्या जीवनातील काळाचे स्वरूपच येथे प्रकट होते. ज्याला स्वतःचे वर्ष आखता येत नाही, त्याचे वर्ष अधिकाऱ्याच्या बदलीने मोजले जाते. हामेलने ही गोष्ट कोठेही सिद्धांतरूपाने मांडलेली नाही; त्याच्या नोंदींच्या क्रमातूनच ती व्यक्त होते.

शिधा, सरपण आणि वेठ

हामेलच्या वृत्तांतातील दैनंदिन जीवनाचे केंद्र तांदूळ हे आहे. राजधानीत राजाच्या रक्षकदलात भरती झाल्यावर प्रत्येकाला दरमहा सत्तर कट्टी, म्हणजे सुमारे ४२ किलो, तांदूळ मिळू लागला. जोल्ला प्रांतात हे प्रमाण घटले. शिध्यात तांदूळ होता, पण कपडा, मीठ, भाजी व सरपण यांची सोय ज्याची त्याने करावयाची होती. कपडे विरत गेले, हिवाळा कडक होता आणि नवे वस्त्र मिळण्याचा मार्ग नव्हता. अशा स्थितीत या लोकांनी आळीपाळीने बाहेर पडून भिक्षा मागण्याची परवानगी मिळवली. अधिकृतपणे राजाचा शिधा खाणारा सैनिक आणि प्रत्यक्षात दारोदार फिरणारा याचक या दोन अवस्था एकाच माणसाच्या ठिकाणी एकत्र आल्या.

अधिकाऱ्यांची लहर हा या जीवनाचा दुसरा घटक होय. जेजूचा सुभेदार यी वोनजिन याने या लोकांना मायेने वागवले व बदली होताना थंडीचे कपडे दिले. त्याच्या जागी आलेल्याने अन्नात कपात केली. जोल्लातील एका अधिकाऱ्याच्या काळात कचेरीसमोरील मैदानातील गवत उपटण्याचे हलके काम पुरेसे होते, तर पुढे योसू येथे गवताचे दोर वळणे आणि ऊन-पावसात ताटकळत उभे राहणे अशी वेठ लादली गेली. हामेल या अधिकाऱ्यांच्या स्वभावाचे विश्लेषण करीत नाही. त्यांच्या कृतीचा आपल्या पोटावर व पाठीवर काय परिणाम झाला, तेवढेच तो सांगतो. दयाळू आणि क्रूर हे दोन्ही अधिकारी एकाच व्यवस्थेत बसतात, कारण परकीयाला हक्क नसतो आणि मिळते ती केवळ मर्जी, हे सत्य या संयमित निवेदनामुळे अधिक ठसते.

याच संदर्भात बौद्ध भिक्षूंचा उल्लेख महत्त्वाचा आहे. जोसन राज्यात कन्फ्यूशियन विचारसरणीचे प्राबल्य असल्याने बौद्ध मठांना राजदरबारी प्रतिष्ठा नव्हती. या उपेक्षित वर्गानेच परकीयांना उदारपणे मदत केली. परदेशांतील चालीरीतींच्या कथा ऐकण्यास हे भिक्षू उत्सुक असत, असे हामेल नोंदवतो. येथे देवाणघेवाणीचे एक वेगळे रूप दिसते. अन्नाच्या बदल्यात श्रम नव्हे, तर कथा दिली जाते. संपूर्ण वृत्तांतात परकीयाचे परकेपण त्याला उपयोगी पडल्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळते.

ओळखीचा प्रश्न

परकीयाला समाज कसा पाहतो, हा प्रश्न या ग्रंथात वारंवार उपस्थित होतो. राजधानीत आल्यावर राजाने या लोकांना आपल्या देशातील गाणी म्हणावयास व नाच करावयास लावले. प्रतिष्ठितांच्या घरी प्रदर्शनासाठी बोलावणी येऊ लागली. हे लोक माणसांपेक्षा राक्षसांसारखे आहेत आणि पाणी पिताना त्यांना नाक कानामागे वळवावे लागते, अशी अफवा पसरली. बघ्यांची गर्दी एवढी वाढली की अखेर वरिष्ठांना तिला आवर घालावा लागला.

या गर्दीच्या नजरेसमोर राज्याची नजर ठेवून पाहण्यासारखी आहे. जोसन राजवटीच्या अधिकृत वृत्तग्रंथात जेजूच्या सुभेदाराचा अहवाल नोंदलेला असून त्यात निळे डोळे, उंच नाक व पिवळे केस असा या लोकांचा तपशील येतो. तेथे वाचलेल्यांची संख्या ३८ दिली आहे, तर हामेल ती ३६ देतो. राज्याच्या दृष्टीने परकीय ही वर्णन करून, मोजून, नोंदून ठेवण्याची बाब आहे. रक्षकदलात घेतल्यावर प्रत्येकाला दिलेली लाकडी फळी हे त्याचेच मूर्त रूप होय. तिच्यावर नाव, वय, मूळ देश आणि राजसेवेतील पद कोरून शिक्का उमटवला होता. अशा ओळखफळ्या कोरियातील पुरुष प्रजाजनांनाही बाळगाव्या लागत. त्यामुळे या फळीने परकीयाला एकीकडे व्यवस्थेत सामावून घेतले, तर दुसरीकडे मूळ देशाचा उल्लेख करून त्याचे परकेपण कायमचे कोरून ठेवले. परकीय रहिवाशांच्या नोंदणीची आजची ओळखपत्रे पाहता हा दुहेरी व्यवहार कालबाह्य झाला, असे म्हणता येत नाही.

नोंदणीने संरक्षण मात्र मिळाले नाही. मांचू दरबाराचे दूत राजधानीत येत, तेव्हा या लोकांना नजरेआड ठेवले जाई. मार्च १६५५ मध्ये दोघांनी दूतासमोर जाऊन सुटकेची याचना केली. त्यांना अटक झाली आणि त्यांचा अंत बंदिवासातच झाला. उरलेल्यांना जोल्ला प्रांतात धाडण्यामागे ही घटनाच कारणीभूत ठरली.

वेल्तेवरे : संभाव्य भविष्याचे रूप

वृत्तांतातील सर्वाधिक नाट्यपूर्ण भेट यान यान्से वेल्तेवरे याची आहे. १६२७ मध्ये पाण्याच्या शोधात किनाऱ्यावर उतरला असता तो कोरियन लोकांच्या हाती सापडला होता. 'पाक योन' या नावाने तो शस्त्रनिर्मितीच्या कामात राजसेवेत स्थिरावला. ऑक्टोबर १६५३ मध्ये दुभाषी म्हणून तो जेजूला आला, तेव्हा त्याला मातृभाषा जवळजवळ आठवत नव्हती. येथून सुटका नाही, हेही नव्या बंदिवानांना त्याच्याच तोंडून समजले.

हामेल या प्रसंगावर भाष्य करीत नाही. तरीही पुढील संपूर्ण वृत्तांतावर या भेटीची छाया पडलेली आहे. वेल्तेवरे सुखी नव्हता असे म्हणण्यास आधार नाही. कोरियन साधनांनुसार त्याला पत्नी, एक मुलगा व एक मुलगी होती. परंतु परत जाऊ इच्छिणाऱ्यांच्या दृष्टीने त्याचे स्थैर्य हीच धास्ती होती. पुढील तेरा वर्षांतील पलायनाचे प्रयत्न शिध्याच्या तुटीइतकेच या धास्तीतूनही उद्भवले असावेत, असा अर्थ लावण्यास वाव आहे.

मौनाच्या जागा

हिशेबनिसाची दृष्टी जे पाहते, त्यापेक्षा जे वगळते ते अधिक मोठे आहे. तेरा वर्षांत या लोकांना कोरियन भाषा अवगत झाली असणार. पण ती कशी शिकली, प्रथम कोणते शब्द आले, कोठे अडले, याविषयी ग्रंथ जवळजवळ मूक आहे. ही उणीव निकोलास वित्सेन याच्या ग्रंथावरून ध्यानात येते. त्याने हामेलचा सहकारी माथेउस आयबोकेन याच्याकडून मिळालेले शंभराहून अधिक कोरियन शब्द नोंदवले आहेत. म्हणजे भाषा होती; फक्त वेतनाच्या हिशेबात तिला स्थान नव्हते.

कौटुंबिक जीवनाबाबतही तसेच आहे. काहींनी तेथे संसार थाटले असावेत, असा संशोधकांचा कयास आहे. वृत्तांतात त्या स्त्रिया व मुले दिसत नाहीत. निसटून गेलेल्यांच्या मागे कोण उरले, या प्रश्नाला तेथे उत्तर नाही. नेटाने परत येऊ पाहणारा नोकर, ही कंपनीसमोर उभी करावयाची प्रतिमा संसारी माणसाशी जुळणारी नव्हती. त्यामुळे हे मौन केवळ विस्मृतीचे न मानता लेखनहेतूचे मानणे अधिक संयुक्तिक ठरते.

देशवर्णनाचा भाग

ग्रंथाच्या उत्तरार्धात शासन, न्याय, धर्म, विवाह, शिक्षण, लिपी व व्यापार यांचे विषयवार वर्णन आहे. युरोपात याच भागाला अधिक महत्त्व प्राप्त झाले. १६६८ मधील डच आवृत्त्यांपाठोपाठ फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी अनुवाद निघाले. लेखनाच्या विविध पद्धतींपैकी एक अतिशय सोपी असून ती स्त्रिया व सामान्य लोक वापरतात, हे हामेलचे निरीक्षण हांगुल लिपीला उद्देशून असून ते मार्मिक आहे. तथापि या भागात लेखक जगण्याच्या जागेवरून दूर सरकतो आणि 'ते लोक असे असतात' या सर्वसाधारण विधानांचा आश्रय घेतो. भिक्षूंबरोबर रात्र जागवणारा माणूस येथे हरवतो. वाङ्मयीन दृष्ट्या पूर्वार्ध सरस ठरतो तो याच कारणाने.

निष्कर्ष

१. हामेलच्या वृत्तांतातील रूक्षता ही प्रतिभेची उणीव नसून परकीयाच्या परावलंबी जीवनाला अनुरूप अशी निवेदनशैली आहे.

२. शिधा, ओळखफळी आणि अधिकाऱ्याची मर्जी या तीन गोष्टींभोवती परकीयाचे दैनंदिन जीवन फिरते. तो पाहुणा, सेवक की बंदिवान, हे राज्यानेही निश्चित केले नाही, आणि ही अनिश्चितताच ग्रंथाचा खरा विषय होय.

३. भाषा व कुटुंब यांविषयीचे मौन लेखनहेतूतून आले आहे. म्हणून या वृत्तांताचे वाचन कोरियन नोंदी आणि वित्सेनचे लेखन यांच्या जोडीने करणे आवश्यक आहे.

४. १९८० मध्ये जेजू येथे दोन्ही देशांच्या मैत्रीचे प्रतीक म्हणून हामेलचे स्मारक उभारण्यात आले. मैत्रीची ही स्मृती आदरणीय असली, तरी ग्रंथाचा पुरावा अधिक गुंतागुंतीचा आहे. त्यात आश्रयही आहे आणि कोंडमाराही आहे. स्मारकापाशी उभे राहणाऱ्या वाचकाने योसूच्या कचेरीसमोर ताटकळणाऱ्या माणसाचा विसर पडू देऊ नये, एवढी अपेक्षा या ग्रंथाच्या समीक्षेने बाळगणे उचित ठरेल.